आवृत्ती ढ

मानवजातीने आजवर जी काही प्रगती केली, ती तीन सह्यांच्या बळावर केली आहे. पहिली सही करणाऱ्याला वाटतं, दुसरा बघेल. दुसऱ्याला वाटतं, पहिल्याने बघूनच केली असेल. आणि तिसरा इतका मोठा माणूस असतो की त्याने बघणं हा पहिल्या दोघांचा अपमान ठरावा. या परस्पर विश्वासावर धरणं उभी आहेत, विमानतळ उभे आहेत, आणि आमच्या घरासमोरच्या सहापदरी रस्त्यावर एक पादचारी पूलही उभा आहे. त्या पुलाच्या कामात माझा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो. (लाजही वाटते, पण तिच्याबद्दल अहवालात वेगळा रकाना नाही.)

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे एका अभियांत्रिकी व तंत्रज्ञान सल्लागार कंपनीत इंटर्न होते. सल्लागार म्हणजे काय, हे आधी स्पष्ट केलेलं बरं. बांधणारा बांधतो, वापरणारा वापरतो. या दोघांनी एकमेकांशी परस्पर बोलू नये म्हणून मधे जी संस्था नेमली जाते, तिला सल्लागार म्हणतात. काम फार जबाबदारीचं असतं. दोघं कधीतरी समोरासमोर येतील आणि सगळं कळेल, ही धास्ती कायम डोक्यावर असते.

पहिल्या दिवशी मला एक हेल्मेट मिळालं, तीन चाकांची खुर्ची मिळाली (मुळात पाच होती) आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र मिळालं. ओळखपत्रावर नाव माझं आणि फोटो गेल्या वर्षीच्या इंटर्नचा. त्याला मिशी होती. "पुढच्या आठवड्यात बदलून देऊ हं," असं मला दर आठवड्याला सांगण्यात आलं. दारावरचा सुरक्षारक्षक रोज सकाळी ते ओळखपत्र हातात घ्यायचा, मिशी नीट पाहायचा, मला नीट पाहायचा आणि म्हणायचा, "जा ताई." असा माणूस दारावर कशाला बसवलाय, तिसऱ्या सहीसाठीच तो जन्मला होता.

माझ्या आठ आठवड्यांचा हिशेब खालीलप्रमाणे: संगणकाच्या पासवर्डची वाट पाहणे, एकतीस टक्के. मीटिंगमध्ये मान हलवणे, बावीस टक्के. साहेबांची वाट पाहणे, एकोणीस टक्के. फाइलला लावायच्या कागदांना भोकं पाडणे, सतरा टक्के. काम, अकरा टक्के. (बेरीज शंभर येते. आमच्या कंपनीच्या अहवालांत ती एकशे चारपर्यंत चालवून घेतात.)

ज्या साहेबांची मी वाट पाहायचे, त्यांना सगळे बघूयासाहेब म्हणत. खरं नाव असणारच, पण ते शोधून काढू का असं कुणी विचारलं असतं तर "बघूया" म्हणाले असते. माणूस देवमाणूस. कुणाला कधी नाही म्हटलं नाही, हो तर त्याहून म्हटलं नाही. एकदा कुणीतरी धापा टाकत येऊन सांगितलं, "साहेब, जिन्यात धूर दिसतोय." तरीही ते "बघूया" म्हणाले, आणि खरोखर खिडकीतून बघितलं. धूर शेजारच्या इमारतीचा निघाला. अनुभव म्हणतात तो हा.

त्यांनी मला दिलेलं काम असं: पादचारी पुलाचे नकाशे क्रमाने लावायचे, भोकं पाडायची, फाइल करायची. पहिला नकाशा उघडला आणि मी खुर्चीवरून पडायचीच राहिले. (तीन चाकं होती, पडलेही असते.) तो पूल आमचा होता. म्हणजे आमच्या घरासमोरचा.

इथे माझ्या आईची माहिती नोंदवणं आवश्यक आहे. ती रस्त्याच्या पलीकडच्या रुग्णालयात रक्त तपासते. रोज सकाळी पावणेसातला ती घरातून निघते, रस्त्याच्या कडेला उभी राहते, एक हात वर करते आणि ट्रक थांबेल अशा श्रद्धेने चालायला लागते. अकरा वर्षं ती पुलासाठी अर्ज करत होती. त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की पूल आमच्याच कंपनीत आहे, तेव्हा तिने हातातली कणीक तशीच सोडली.

"अगं, मग हलव ना त्यांना! परवाच आमच्या वॉर्डातल्या मावशींना स्कूटरवाल्याने उडवलं. पायाचं हाड मोडलं."

"मग?"

"मग काय, अॅडमिट व्हायला लांब जावं लागलं नाही, एवढंच."

ती हसली. मला हसू आलं नाही. त्या दिवसापासून रोज पावणेसातला मी खिडकीत उभी राहून ती पलीकडे पोचेपर्यंत श्वास रोखून धरायला लागले. ती पलीकडून हात हलवायची, मग मी चहा टाकायचे.

तर दुसऱ्या दिवशी मी कामाला भिडले आणि माझ्या हातून ती चूक झाली. भोकं पाडता पाडता मी नकाशा वाचला. कंपनीच्या इतिहासात असं आधी घडलं नव्हतं, म्हणून त्याविरुद्ध नियमही नव्हता. पान दोनवर रुग्णालयाच्या बाजूचा जिना होता, फार देखणा, कठड्यासकट. आमच्या बाजूला जिन्याच्या जागी लिहिलं होतं, "या बाजूच्या जिन्यासाठी पान चार पाहा." मी पान चार पाहिलं. तिथे लिहिलं होतं, "सदर जिन्याच्या तपशिलासाठी पान दोन पाहा." मी पुन्हा पान दोन पाहिलं. असं मी अकरा वेळा केलं. मग उठून नकाशाकाकांकडे गेले.

नकाशाकाका म्हणजे आमचे ड्राफ्ट्समन. तीस वर्षं रेघा मारतायत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान दोन बघितलं, पान चार बघितलं आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मला आधी वाटलं झटका आला. हसत होते.

"काका, जिना कुठाय?"

"नाहीये गं!" डोळे पुसत ते म्हणाले. "अरे देवा! आवृत्ती थ ला झाड आडवं येतं म्हणून जिना सरकवायला सांगितला. मी दोनवरून काढला. चारवर घालणारा रजेवर गेला."

"परत आला नाही?"

"आला की. बढती घेऊन आला."

मी हिशेब केला. थ धरून ज्ञ पर्यंत वीस आवृत्त्या झाल्या होत्या. प्रत्येकीवर "तयार केले", "तपासले", "मंजूर केले" अशा तीन चौकटी, प्रत्येक चौकटीत सही. एकूण साठ सह्या, आणि पुलाला चढायला जिना एकच. बाकीच्या एकोणीस आवृत्त्यांत काय सुधारलं म्हणाल, तर कठड्याचा रंग सात वेळा, कंपनीच्या बोधचिन्हाची जागा पाच वेळा, झाडाची जात दोनदा आणि उद्घाटनाच्या कोनशिलेचा आकार पाच वेळा (दर वेळी मोठा). काम थांबलं होतं असं कुणी म्हणू शकणार नाही.

आता साधा माणूस म्हणेल, त्यात काय एवढं, नवी आवृत्ती काढा आणि जिना घाला. साध्या माणसाला म्हणूनच नकाशे दाखवत नाहीत. आमच्या कंपनीत आवृत्त्यांना अक्षरं देतात. पहिली क, दुसरी ख, अशी वर्णमालेच्या क्रमाने. पद्धत स्वच्छ, सुटसुटीत आणि मातृभाषेची शान राखणारी. पुलाचा नकाशा ज्ञ ला पोचला होता. ज्ञ च्या पुढे अक्षर नाही. म्हणजेच नकाशात यापुढे चूक असू शकत नाही.

"बघूया," असं बघूयासाहेब म्हणाले, पण या वेळी त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी मीटिंग बोलावली.

मीटिंग दोन दिवस चालली. सात जण होते, आठवी मी, मान हलवायला. पुन्हा अ पासून सुरू करावं, अशी पहिली सूचना आली. ती फेटाळली गेली, कारण स्वर प्राथमिक आराखड्यांसाठी राखीव आहेत. अंक वापरावे, तर ते पानांना दिलेले. मग एकाने फार खोल मुद्दा काढला: ज्ञ हे मुळात अक्षरच नाही, ते जोडाक्षर आहे! यावर सगळ्यांनी हातातले चहाचे कप खाली ठेवले. कारण ज्ञ जोडाक्षर धरलं तर ज्ञ बाद, मग क्ष पण बाद, आणि क्ष च्या बिलावर... नको, तो विषय तिथेच थांबवला. दुपारी एका निवृत्त मराठीच्या बाईंना फोन लावला. त्यांनी पाऊण तास समजावलं. शेवटी पूल कुठला म्हणून विचारलं आणि म्हणाल्या, "अहो, मग जिना घाला ना!" बाई विषय सोडून बोलतात, अशी नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला नकाशाकाका हळूच म्हणाले, "मधली तीन अक्षरं आपण वापरलीच नाहीत."

खरंच होतं. ङ आणि ञ सोडून दिली होती, कारण आमच्या प्रिंटरवर ती उमटत नाहीत, त्यांच्या जागी नुसता चौकोन येतो. (मागे एकदा ङ छापून गेला होता. ठेकेदाराने तो चौकोन बघून तिथे पाण्याची टाकी बांधली. टाकी उत्तम चालते.) आणि तिसरं अक्षर ढ.

ढ का वापरला नाही, हे कुणाला विचारावं लागलं नाही. आमचे मोठेसाहेब, म्हणजे तिसरी सही, शाळेत कायम पहिले यायचे. त्यांच्या नावाशेजारी ढ छापून बाहेर गेला तर लोक काय म्हणतील? तेव्हा ड झाल्यावर सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं होतं आणि थेट ण घेतला होता. असा समजूतदारपणा हल्ली घराघरांतही दिसत नाही.

"ढ ची आवृत्ती तयार कोण करणार?" बघूयासाहेबांनी विचारलं. सातही जण आपापल्या वह्यांत काहीतरी तातडीचं लिहायला लागले. मला पावणेसातची खिडकी आठवली.

"मी करते," मी म्हणाले.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ढ तर ढ. जिना होतोय ना? मग दोनदा लिही."

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा. मी जिना काढला. बत्तीस पायऱ्या, मधे टेकायला एक चौथरा, आईच्या गुडघ्याला सोसेल अशी उंची. (हे नकाशात लिहिलं नाही. आईचा गुडघा हे मानक म्हणून अजून मान्य झालेलं नाही.) "तयार केले" मध्ये मी सही केली. "तपासले" मध्ये नकाशाकाकांनी झोकदार सही ठोकली आणि म्हणाले, "गुरुजी जन्मभर तोंडी म्हणाले, आज लेखी मिळालं बघ!" आम्ही दोघं एवढे हसलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

राहिली तिसरी. मोठेसाहेबांनी सही करणं शक्यच नव्हतं. पण सरकारी असो की खासगी, कुठल्याही कार्यालयात एक शब्द असतो आणि त्याचं मंदिर बांधावं असं मला वाटतं. तो शब्द म्हणजे "करिता". आपण सही करायची, खाली दुसऱ्याचं नाव लिहायचं आणि पुढे "करिता" लिहायचं. सही करणारा म्हणतो, मी त्यांच्याकरिता केली. ज्यांच्याकरिता केली ते म्हणतात, मी कुठे केली? बघूयासाहेबांनी पेन उघडलं, बंद केलं, उघडलं. मी म्हणाले, "साहेब, माझी आई रोज तो रस्ता चालत ओलांडते." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सही केली. त्या क्षणी ते "बघूया" म्हणाले नाहीत, आणि मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आवृत्ती ढ तिन्ही सह्यांनिशी घेऊन मी स्वतः पुलाच्या जागेवर गेले. हेल्मेट घातलं होतं. रुग्णालयाच्या बाजूचा जिना जवळजवळ पूर्ण झाला होता. ठेकेदार भला माणूस, त्याने मला सावलीत बसवलं, पाणी दिलं. नकाशा उलगडून बघितला, जिना बघितला, मान डोलावली. मग कोपऱ्यातलं अक्षर बघितलं.

"ताई, हा ढ आहे."

"हो."

"आमच्याकडे ज्ञ आहे."

"हो, पण हा नंतर काढलाय."

"नंतर कसा? ढ आधी येतो." आणि त्याने बोटांवर मोजत मला म्हणून दाखवलं, "ट, ठ, ड, ढ. ज्ञ शेवटी. आम्हाला लेखी आदेश आहे तुमच्याच कंपनीचा, कायम शेवटच्या अक्षराची आवृत्ती पाळायची."

"अहो, पण ज्ञ मध्ये जिनाच नाही!"

"ते आम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं."

"मग विचारलं का नाही?"

"ताई, मोठी सल्लागार कंपनी. म्हटलं, काहीतरी विचार असेल."

आणि त्याने अत्यंत आदराने माझ्या नकाशावर शिक्का मारला: "जुनी आवृत्ती. रद्द." नियमाने बरोबरच होतं त्याचं. मी तिथेच हेल्मेट डोळ्यांवर ओढलं आणि ढसाढसा रडले. ठेकेदाराने दुसरा ग्लास पाणी दिलं. या दुसऱ्या ग्लासाची कुठेही नोंद नाही, म्हणून इथे करते.

पूल वेळेत पूर्ण झाला. आमच्या बाजूला तो हवेत संपतो, तिथे छातीएवढा मजबूत कठडा आहे आणि कठड्याला सातव्या बदलातला सुंदर निळा रंग आहे. आमच्या बाजूच्या माणसाला पुलावर जायचं असेल तर त्याला आधी रस्ता ओलांडावा लागतो. उद्घाटन पलीकडूनच झालं, त्यामुळे पाहुण्यांची गैरसोय झाली नाही.

कंपनीने माझ्या दाखल्यावर "समाधानकारक" असा शेरा दिला आणि शिक्षण संपताच मला कायम केलं. माझं पहिलं काम, पुलाचा वापर मोजणे. मी एक आठवडा जिन्याखाली स्टूल टाकून बसले. दोन हजार एकशे त्रेचाळीस माणसं वर चढली. टोकापर्यंत गेली, कठड्याला हात लावून खाली बघितलं, आणि परत फिरली. नियमाप्रमाणे जाणं एक वापर, येणं दुसरा वापर, म्हणजे चार हजार दोनशे शहाऐंशी. अपेक्षेच्या दुप्पट! अहवालात पुलाला "अत्यंत यशस्वी" असं म्हटलं आहे. "तयार केले" मध्ये सही माझी आहे.

आई अजून पावणेसातला हात वर करून खालूनच जाते. मी अजून खिडकीत श्वास रोखते. पण मी स्वस्थ बसलेले नाही. मी नियमावली वाचून काढली (सवय लागली ती लागली). वापरात असलेल्या पुलाला जिना जोडता येतो. त्यासाठी नकाशा लागत नाही, आवृत्ती लागत नाही, अक्षर लागत नाही. वर जाऊन आलेल्या तीन वेगवेगळ्या नागरिकांनी, खाली जिन्याशी टांगलेल्या तक्रारवहीत एकेक ओळ लिहायची: "पलीकडे जिना नाही." बास. तीन ओळींत जिना. मी कर्मचारी, म्हणून मला लिहिता येत नाही. आई सुट्टीच्या दिवशी मुद्दाम वर जाऊन आली आणि तिने पहिली ओळ लिहिली. मग ती दिवसभर खाली उभी राहिली आणि चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, "अहो, पलीकडे उतरायला जिना नाही हो! वहीत तेवढं लिहा."

लोक म्हणाले, "असं कसं असेल मावशी? एवढा पूल बांधलाय, कुणीतरी बघितलं असेलच की." आणि वर गेले.

आज सात महिने झाले. वहीत एकच ओळ आहे. पेन दोरीने बांधलेलं आहे, चालतं, मी दर सोमवारी तपासते.

तुम्हीही वर गेला होतात. मंगळवारी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी, डाव्या हातात पिशवी. टोकाला पोचलात, दोन्हीकडे बघितलंत, कुणी आपल्याला बघत नाही ना याची खात्री केलीत आणि काहीतरी विसरल्यासारखा खिसा चाचपत मागे फिरलात. उतरताना एका कुटुंबाची गाठ पडली, कडेवर बाळ होतं. त्यांनी तुम्हाला विचारलं, "जाता येतं ना पलीकडे?"

तुम्ही म्हणालात, "जा ना, वर वारा फार छान आहे." आणि वहीला पिशवी घासत निघून गेलात.